बाचं कुत्रं आणि नाळेची वाट

बाच्या दहाव्याला कावळा आला नाही, कुत्रं आलं. आमच्या घराची जी काय शोभा व्हायची ती तिथूनच झाली, म्हणून मीही तिथूनच सांगते.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी बाची एकुलती एक पोर, देवळाली प्रवऱ्याला दिलेली. तिथं पाटाचं पाणी, दारापर्यंत ऊस, आणि सपाट इतकं की चालताना पायाला काम आहे असं वाटायचंच नाही. सासरी मला 'डोंगरातली' म्हणत. मी भांडायला उठले की म्हणत, 'आली डोंगरातली अंगावर.' मी बरीच भांडायची, त्यामुळं हे बऱ्याचदा ऐकायला मिळायचं.

बाच्या पोटात रात्री कळ उठली. चौघांनी त्याला डोलीत घालून राजूरच्या दवाखान्याकडं चालवलं आणि वाटेतच त्यानं मान टाकली. निरोप मला पोचून मी एसटीनं राजूरला उतरून डोंगर चढून जाईपर्यंत राख गार झाली होती. बाचं तोंड मला बघायला मिळालं नाही. याचं दुःख काय असतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सांगायला गेले की राग येतो, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही.

दहाव्याला सगळे ओढ्यावर गेलो. बाला मुलगा नाही म्हणून थोरल्या काकांनीच अग्नी दिला होता आणि पिंडही तेच ठेवत होते. पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवून माणसं मागं सरकली. उंबरावर कावळे होते. खाली बघायचे, मान वाकडी करायचे आणि पुन्हा आपले पंख साफ करत बसायचे. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे तर आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक. मग जो तो बाला वचनं द्यायला लागला. काका म्हणाले, "तुझ्या बायकूला अंतर देनार न्हाई." कावळा नाही. "पोरीला दर दिवाळीला माहेरी आणाय मूळ धाडू." नाही. भावकीतला एकजण म्हणाला, बांधाचं भांडण मी सोडलं. एवढ्या मोठ्या त्यागानंही कावळा हलला नाही. कुणीतरी म्हणालं, त्याला तंबाखू लागायची. मग तंबाखू ठेवली. चुना राहिला म्हणून एकजण चुना आणायला पळाला. आज मला हसू येतं, पण तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ऊन डोक्यावर आलं. काका थकून गेले होते. काका आणि बा पाठोपाठचे भाऊ, लहानपणापासून एकमेकांना 'गड्या' म्हणायचे. शेवटी काकांनी हात जोडले आणि रडत म्हणाले, "घे रं गड्या. घे आता. किती वाट बघाय लावतूस."

तेवढ्यात माणसांच्या मागं बसलेलं बाचं कुत्रं उठलं. काळं, छातीवर पांढरा ठिपका असलेलं. माणसांच्या पायांतून वाट काढत ते सरळ पत्रावळीपाशी गेलं आणि त्यानं घाई न करता सगळा पिंड खाल्ला. पत्रावळ चाटली. मग तिथंच बसलं आणि काकांच्या तोंडाकडं बघत राहिलं.

मग एकदम दगडच सुरू झाले. एक दगड त्याच्या मागच्या पायाला लागला. ते केकाटलं, पण पळालं नाही, नुसतं थोडं बाजूला सरकून पुन्हा बसलं. माझ्या शेजारून आई उठली आणि दगड उचललेल्या एका माणसाचा हात तिनं धरला. काका कपाळावर हात मारून म्हणाले, "माझ्या भावाचा घास कुत्र्यानं नेला." मग जाणत्यांनी गवताचा कावळा करून दुसऱ्या पिंडाला शिववला आणि कसंबसं ते कार्य उरकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या परड्यात कावळ्यांचा बाजार भरला होता. मी खराटा घेऊन त्यांच्या मागं धावले.

त्या दिवसापासून आईनं जेवण सोडलं. उपास वगैरे म्हणाली नाही. ताटावर बसायची, भाकरी मोडायची आणि तुकडा पुन्हा ताटात ठेवायची. पेजेचे दोन घोट घ्यायची ते मी रागावले म्हणून. आधीच ती अंगानं किरकोळ, आता मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मी समजावलं, भांडले, पाया पडले. ती एवढंच म्हणाली, "त्या कुत्र्याला माझ्या नजरंपुढनं न्या. ते हाय तवर मला घास उतरायचा न्हाई."

सगळ्यांनी याचा अर्थ एकच घेतला. नवऱ्याच्या वाटणीचं खाल्लेलं कुत्रं बायकोला डोळ्यांसमोर कसं बघवेल? काका म्हणाले, डोक्यात धोंडा घालून मोकळं करू. आईनं त्यालाही नाही म्हटलं.

तेराव्याला आत्या आली. बाची ही बहीण आमच्या डोंगराखाली, कोकणात दिलेली. वर्दी कड्याखाली उतरायला वेळ लागतो, त्यामुळं दहावा तिला सापडला नव्हता. कुत्र्याचा प्रकार तिच्या कानावर गेला तेव्हा ती म्हणाली, "मी न्हेते खाली. माझ्या भावाचं जनावर हाय. कुनी हात लावायचं काम न्हाई." काका पुटपुटले की असलं अवलक्षणी घरात घेऊ नये. आत्या तेवढ्यापुरती बहिरी झाली. वेड पांघरून पेडगावला जायची कला तिला जन्मापासून अवगत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच आम्ही निघालो. आत्याचं वय झालेलं, वाटेत पाणी आणि धोंडे, वर आणखी कुत्रं, म्हणून मी सोबत. खाली तिच्या गावापर्यंत पोचवायचं आणि दिवस मावळायच्या आत माघारी यायचं असं ठरलं. खरं सांगायचं तर मला घरातून सुटायचंच होतं. आईच्या समोर बसून तिचं न जेवणं बघत बसायची माझ्यात ताकद उरली नव्हती. कुत्रं एकदा गेलं की आई जेवेल, या एका गोष्टीवर मी तग धरून होते. निघताना आई बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "दोरी गळ्याला आवळू नका."

आमच्या गावाची हद्द संपते तिथं डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. त्या कड्याला वरपासून खालपर्यंत एक भेग पडलेली आहे. तिला नाळ म्हणतात. बाळाची ती नाळ आणि ही नाळ, शब्द एकच. वरच्या माणसांचा हिरडा आणि तांदूळ तिच्यातून खाली जायचा, खालचं मीठ आणि सुकट वर यायची. बा दर दोन-तीन महिन्यांनी आत्याकडं म्हणून उतरायचा. एरवी कुत्रं घराशी शेरडं राखायचं, पण नाळेतून जाताना बा त्याला बरोबर न्यायचा. माझं लग्न झाल्यावर बानं ते पिल्लू आणलेलं, त्यामुळं माझी आणि त्याची ओळख माहेरपणाला येण्यापुरतीच. बा चेष्टेनं म्हणायचा, पोरगी दिली आणि हे आणलं, हे उलटून बोलत नाही.

नाळेच्या तोंडाशी कारवीचं रान आहे. ते ओलांडेपर्यंत कुत्रं माझ्या दोरीला धरून मुकाट चालत होतं. दगड लागलेला पाय जरा उचलून टाकत होतं. पण नाळेचा पहिला थंड वारा नाकाला लागला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. दोरी ताणून ते पुढं ओढायला लागलं. आत्या म्हणाली, "सोड त्याला. वाट त्याला आपल्यापरीस ठावी हाय." मी दोरी सोडली. ते उड्या मारत खाली गेलं, वळणाशी थांबलं, आमच्याकडं बघितलं आणि मग पुढं बघून शेपूट हलवायला लागलं. आधी मला कळलं नाही. दुसऱ्या वळणालाही तेच केलं तेव्हा कळलं. नाळेत शिरायचं म्हणजे बाबरोबर शिरायचं, हे त्याला माहीत. बा आमच्यात नव्हता, म्हणजे तो पुढं गेलेला असणार. प्रत्येक वळणावर त्याला वाटत होतं, आता भेटेल.

मला तिथंच बसून रडावंसं वाटलं. पण आत्या पुढं होती आणि धोंडे निसरडे होते, म्हणून चालत राहिले.

नाळेसारखी देखणी जागा मी पुढं कुठं पाहिली नाही. दोन्ही बाजूंना काळा कातळ सरळ वर गेलेला, मध्ये आभाळाची निळी चिंधी. काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरायला गेलं तर कोपरं कातळाला लागतात. पावसाळ्यात ज्या पाण्यानं हे सगळं कापलं ते आता जागोजागी डोहांत साठून बसलेलं, तळ दिसावा इतकं स्वच्छ आणि हाडं दुखावीत इतकं गार. वर कुठंतरी ऊन कातळाला लागत होतं आणि त्याचा पिवळेपणा झिरपत खालपर्यंत यायचा. पाकोळ्या भिंतीला चिकटून, सुटून, पुन्हा चिकटत होत्या. कातळाच्या फटीत रानकेळी उगवलेल्या. एका जागी वरून पडलेला घराएवढा धोंडा दोन भिंतींत अडकून बसलाय, त्याच्या खालून वाकून जावं लागतं. एवढं सुंदर बघून मला आणखी वाईट वाटत होतं. बानं मला कैकदा म्हटलेलं, एकदा चल खाली, तुला दाखवतो. मी म्हणायचे, पुढच्या खेपेला. माहेरपण चार दिवसांचं, त्यात आईचंच बोलणं संपायचं नाही.

मोठ्या डोहाशी कुत्रं थांबून आमची वाट बघत होतं. पाणी कमरेपर्यंत. आत्यानं लुगडं वर खोचलं आणि भिंत धरून पलीकडं गेली. मी कुत्र्याला म्हटलं, चल. ते पोहेल असं मला वाटलं. ते माझ्यापुढं येऊन पाठ करून उभं राहिलं आणि मान वळवून बघायला लागलं. पलीकडून आत्या म्हणाली, "खांद्यावर घे. तुजा बा घ्यायचा."

मी त्याला उचलून मानेवर घेतलं, दोन पाय इकडं, दोन पाय तिकडं. ते अजिबात हललं नाही. त्याच्या अंगाचा वास माझ्या नाकातोंडात गेला. धुराचा, शेरडांचा आणि बाच्या घोंगडीचा वास होता तो. राख गार झाल्यावर पोचलेल्या मला बाची एवढीच गोष्ट मिळाली, त्या डोहात, गळ्याभोवती. मी मुद्दाम हळू चालले.

डोहापुढं नाळ जरा रुंदावते आणि तिथं एक सपाट दगड आहे. कुत्रं त्यावर चढून बसलं. "इथं भाकरी खायाची," आत्या म्हणाली, "तो इथंच सोडायचा." आम्ही फडकं सोडलं. नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी. मी अर्धी भाकरी मोडून कुत्र्यापुढं ठेवली आणि माझा घास तोंडात घातला.

कुत्र्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पोट खपाटीला गेलेलं, तरी ते भाकरीकडं बघायचं, माझ्याकडं बघायचं. मी म्हटलं, "आजारी आहे का काय हे? तिकडं पिंड खायला चांगली भूक लागली होती."

आत्या म्हणाली, "तसं न्हाई खायाचं ते. त्याला सांगाय लागतं. पिल्लू हुतं तवाची सवं लावलीय तुज्या बानं. माज्या दारात येऊन बसलं तरी समोरच्या ताटाला शिवायचं न्हाई. तो म्हनंल तवाच."

"काय म्हणायचं?"

"घे रं गड्या म्हन. त्याला गड्याच म्हनायचा तो. दुसरं नावच कुटं हाय त्याला."

मी म्हटलं, "घे रं गड्या." आणि ते भाकरीवर तुटून पडलं.

माझा घास तोंडात तसाच राहिला. ओढ्यावरचं ते ऊन, ते उंबरावरचे कावळे आणि काकांचे जोडलेले हात माझ्यापुढं उभे राहिले. घे रं गड्या. घे आता. काका बाला हाक मारत होते आणि कुत्र्याला ती आपल्यालाच मारली असं वाटलं. दहा दिवस कुणी त्याला त्याच्या नावानं बोलावलं नव्हतं. दहा दिवस कुणी त्याला घे म्हटलं नव्हतं, म्हणजे पुढं टाकलेलं शिळंपाकंही त्यानं खाल्लं नसणार. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, आणि तो उठला, खाल्लं, आणि बक्षिसाला दगड मिळाला.

मी आत्याला सांगितलं तेव्हा तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. खायचा नेम तिला माहीत होता, पण काकांचे शब्द तिनं ऐकले नव्हते. मी शब्द ऐकले होते, पण नेम मला माहीत नव्हता. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "थोरल्याला सांगू नको हां. कुत्र्यानं घास न्हेला आसं वाटतंय ते बरं हाय. आपल्याच तोंडानं भावाचा घास घालिवला आसं त्याला कळलं तर तुज्या आईसंगं त्योबी जेवायचा थांबंल."

"पण आईला सांगायला पाहिजे," मी म्हटलं. "ह्याचा दोषच नाही. बाचा घास कुणी चोरलेला नाही. मी ह्याला इथूनच माघारी घेऊन जाते."

आत्यानं माझा हात धरला. तिचं म्हणणं, तुझी आई आधीच अर्धी झालीय, तिला न विचारता कुत्रं पुन्हा दारात उभं केलं तर काय होईल सांगता येत नाही. आज खाली ने. तू वर जाऊन तिला सगळं नीट सांग. ती हो म्हणाली की राजूरच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर मी आठवड्यात वर धाडते. मला ते पटलं. डोंगरातली असले तरी दर वेळी अंगावर जात नाही मी.

उरलेली नाळ मी जवळजवळ पळतच उतरले. माझ्या मनात एकच होतं, कधी एकदा वर जाते आणि आईला सांगते. तिला वाटतंय तिचा नवरा उपाशी गेला. तसं काही झालं नाही, हे कळलं की ती जेवेल. गड्या पुढं पळत होता, वळणाशी थांबत होता, शेपूट हलवत होता. आता मी त्याला नावानं हाक मारायला लागले होते आणि दर हाकेला तो मागं वळून बघायचा. खाली नाळ संपली, उन्हाचा ऊबदार झोत अंगावर आला, भाताची कापलेली शेतं दिसली आणि आत्याचं कौलारू घर.

गड्या धावत अंगणात गेला. घराभोवती एक फेरी मारली. ओट्यावर चढला, दारातून आत डोकावला, गोठ्यात गेला, परत आला. मग अंगणाच्या मध्ये उभा राहिला. शेपूट थांबलेलं. बा इथंही नव्हता. पुढं वाट नव्हती. तो आमच्याकडं आला नाही, तिथंच खाली बसला आणि पुढच्या पायांवर डोकं ठेवलं.

आत्यानं त्याला खांबाला बांधला. मी त्याच्या कानामागं खाजवलं आणि म्हटलं, आठवड्यात भेटू. मला खरंच तसं वाटत होतं. पाणी पिऊन मी लगेच माघारी वळले. नाळेच्या तोंडाशी पोचले तेव्हा तो भुंकायला लागला. आत शिरल्यावर तर तो आवाज भिंतींवरून असा फिरायला लागला की मागं भुंकतोय का पुढं ते कळेना. डोहापर्यंत ऐकू येत होतं. डोहात मी एकटी उतरले. खांदे मोकळे होते आणि पाणी जाताना होतं त्यापेक्षा गार लागलं. त्या सपाट दगडावर मी बसले नाही. त्याच्याकडं बघितलंही नाही.

वर आले तेव्हा दिवस मावळत होता. आई ओट्यावर बसली होती. मी पायरीवरच बसून धापा टाकत सगळं सांगितलं. भाकरीचं, गड्या या नावाचं, काकांच्या हाकेचं. शेवटी म्हटलं, "म्हणजे त्यानं चोरून खाल्लं नाही आई. त्याला घे म्हटलं म्हणून त्यानं घेतलं."

आई म्हणाली, "मला ठावं हाय."

मी पायरी चढून तिच्याशेजारी बसले.

"तिथंच कळलं मला," ती म्हणाली. "तुज्या बानं घे म्हनल्याबिगर त्यानं माज्या हातचंबी कंदी खाल्लं न्हाई. शेरडं राखाय दिवसभर माज्यापाशी आसायचं, पर सांजच्याला तो येऊन घे म्हनंस्तवर भाकरी तशीच. त्याचा काय दोस?"

"मग का धाडलंस त्याला?"

ती वाटेकडं बघत बोलली. माझ्याकडं बघून तिला बोलता आलं नसतं.

"तू ह्या टायमाला पान्याला जायाची. तू बघितलं न्हाईस. रोज दिस मावळला का ते कान उभं करून उठतंय. वाटंला तोंड करून शेपूट हलिवतंय. पाऊल वाजायच्या आधी त्याला कळायचं, तुजा बा त्या वळनावर आला म्हनून. ते उठलं का मी उठायची, आंगुळीचं पानी चुलीवर ठिवायची. येवढी वर्सं त्याच्या उठन्यावर माझं पानी. आता तो गेला तरी ते उठतंय. ते उठलं का मीबी उठती. पानी ठिवती. मग ते बसतं. मग मला आठवतं. मानूस येकदा मेलं तर सोसतं, बये. रोज सांजचं मरायला लागलं तर मी काय करू?"

दिवसभर नाळेतून मी जे सत्य खांद्यावर घेऊन चढले होते त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. आता गड्याला परत आणणं होणार नाही, हेही मला त्याच वेळी कळलं. पुढं तो आत्याकडंच राहिला. आत्या घे म्हणायची, तो खायचा, पण तिच्या अंगणातून तो कधी नाळेकडं फिरकला नाही असं ती सांगायची. नाळेतून आपण बाला शोधत आलो आणि तो सापडला नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं असावं. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. डोंगरामागं ऊन गेलं. शेरडं दारातून आत गेली. वाटेवर कुणी नव्हतं आणि ओट्याखाली उठायला कुत्रं नव्हतं. तरी त्या वेळेला आई उठली. पदर सावरला, आत गेली आणि चुलीवर पाणी ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

मी आत गेले नाही. मला भीती वाटत होती. लाकडं पेटली, पाणी बोलायला लागलं. थोड्या वेळानं तिनं आतून हाक मारली, "ये, पाय धू. किती खरचटलंय." मी आत गेले तर मोरीजवळ बाची पितळी बादली, त्यात कढत पाणी, वाफा निघत होत्या. मी पाय पुढं केला आणि चटका बसून मागं घेतला. आई तांब्या हातात घेऊन म्हणाली, "विसन घालू का?"

असं तिनं बाला कधी विचारलं नसेल. बा तसंच कढत पाणी अंगावर घ्यायचा, गार पाण्याचं विसण लागायचं मला आणि तिला. ती तांब्या धरून तशीच उभी राहिली, आपणच बोललेलं पुन्हा ऐकत असल्यासारखी. माझ्या पायाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि मग ती चुलीजवळ खाली बसली आणि रडायला लागली. बा गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. मी तिच्या हातातला तांब्या घेतला, बादलीत गार पाणी ओतलं आणि पाय धुतले.

रडून झाल्यावर तिनं परातीत पीठ घेतलं. भाकरी टाकली, एक माझ्या ताटात, एक तिच्या. आम्ही समोरासमोर बसलो. तिनं तुकडा मोडला, थोडा वेळ हातात धरला आणि खाल्ला.